कडेची बटनं

आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते चटणीवरनं. मी ताटात डाव्या बाजूला चटणी वाढायची, आणि हे निम्मी भाकरी संपवून विचारायचे, "आज चटणी न्हाय व्हय?" एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं. मग एक दिवस माझं डोकं फिरलं. ताट ह्यांच्यापुढं सरकवून म्हटलं, "ही काय हितं! डोळं हाईत का गोट्या?" ह्यांनी मान डावीकडं वळवली, अख्खी मान, आणि चटणीकडं असं बघितलं की जशी कुणीतरी ती आत्ताच आणून ठेवलीय. मग आम्ही दोघंही हसलो.

हे म्हणजे माझे मालक. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. आमचं गाव कडोलीच्या बाजूला. घरची थोडी जमीन, बटाटा-रताळी. ती दिरांनी बघायची आणि ह्यांनी रोज मोटरसायकलवरनं कामाला जायचं, अशी दोघा भावांची वाटणी. काम काय, तर गिऱ्हाइकाकडनं पंपाचा नाहीतर व्हॉल्व्हचा नकाशा यायचा, त्यावरनं ओतकामाचा नकाशा काढायचा. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साच्यासाठीचा लाकडी नमुना किती मोठा धरायचा; तो वाळूतनं साचा न मोडता वर यावा म्हणून बाजूंना किती उतार द्यायचा; आत पोकळ ठेवायचं तिथं वाळूचा गाभा कुठं बसवायचा. सगळं कॉम्प्युटरवर, रेघांनी. ह्यांना त्या कामाचं लई वेड. पाहुण्यांच्या घरी गेले तरी चहा यायच्या आत मोरीतली तोटी हातात धरून उलटीसुलटी करून बघणार. मी डोळे वटारायची, पाहुणे म्हणायचे, काय वो, नळ गळतोय का?

ह्यांचं आधी संध्याकाळचं दिसणं गेलं. म्हणायचे, मोटरसायकलचा लाइट डीम झालाय. बल्ब बदलला, तरी लाइट डीमच. मग म्हणाले, बसनं आलेलं बरं, पेट्रोल परवडंना. मी विश्वास ठेवला, का ठेवू नये? नवरा पेट्रोल वाचवतोय म्हटल्यावर कुठली बायको चौकशी करील. पण एकदा भरदुपारी बाजारात केळ्यांच्या गाड्याला धडकले. गाडीवाला कन्नडात काय काय बोलला ते सांगायला नको, ते सगळं मला कळत होतं हीच पंचाईत. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी अंधार करून बघितलं, कडेनं लाइट फिरवून बघितलं. मग खुर्ची पुढं ओढून बसले. डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसले की समजावं. म्हणाले, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे, कडेकडेनं दिसणं कमी होत जाणार. मधलं बराच काळ राहतं, पण राहीलच असं सांगता येत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्म्याचा उपयोग नाही. मी विचारलं, मग करायचं काय? ते म्हणाले, "आई-वडिलांचं लग्न नात्यात झालंय का?"

झालं होतं की. माझ्या सासूबाई म्हणजे सासऱ्यांच्या सख्ख्या मामाची लेक. आमच्याकडं त्यात नवल ते काय. घरी येऊन हे बोलून गेले आणि सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. "माणसं तुटू नयेत म्हणून केलतं गं," एवढंच म्हणत राहिल्या. मी त्यांना म्हटलं, आत्या, तुमी काय डोळ्यांवर सही करून दिलती काय? उठा, दोन घास खा. आमच्या लेकीचे डोळे लगेच तपासून घेतले. तिचं सगळं नीट निघालं. देवानं तेवढं तरी ऐकलं.

तेव्हापासनं ह्यांचं एकच मागणं होतं: ऑफिसात कळता कामा नये. "रेघ वडणाऱ्याला दिसंना म्हटल्यावर खुर्चीवर कोण ठेवंल? आणि मला दुसरं येतंय काय गं?" मी म्हटलं, शेती. ते म्हणाले, "शेतातबी बांध दिसावा लागतोय."

घरी एक जुना कॉम्प्युटर होता, लेकीच्या अभ्यासाला म्हणून घेतलेला. एका रविवारी ह्यांनी त्यावर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि मला बोलावलं. "बटनं सापडंनात झाल्यात," म्हणाले. मी बघितलं. रेघेचं बटन, वर्तुळाचं, पुसायचं, माप लिहायचं, सगळी बारकी बारकी बटनं स्क्रीनच्या चारी कडांना ओळीनं लावलेली. मध्ये मोकळं मैदान, काम करायला. ज्यानं ते केलं त्यानं शहाण्यासारखंच केलं होतं. सुतारसुद्धा हत्यारं बाजूला ठेवून मध्ये लाकूड घेतो. पण ह्यांच्या डोळ्यांपुढनं नेमक्या कडाच उडालेल्या. एक बटन शोधायचं म्हणजे मान डावीकडं न्यायची, वर न्यायची, सापडलं की परत मध्ये यायचं, तोवर रेघ कुठं सोडली होती ते हरवायचं.

मी म्हटलं, उठा तिथनं. मला बसू द्या.

माझं माहेर बोरगाव. लग्नाआधी मी निपाणीत एका डीटीपीच्या दुकानात जात होते. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, वाढदिवसाचे बॅनर. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. तिथं एक गोष्ट मी आपली आपण शिकलेली: स्क्रीनवरची बटनं काय भिंतीत चिणलेली नसतात. धरून ओढली की सुटतात, ठेवाल तिथं बसतात, नको असली तर काढून टाकता येतात. मी माझ्या सोयीनं सगळं हलवून ठेवायची आणि दुकानाच्या मालकांना कागदाची साइझ बदलायचं बटन सापडायचं नाही. ते ओरडायचे, "ही पोरगी माझ्या दुकानात मलाच पाहुणा करतीया!"

तर मी ह्यांची बटनं उपसायला बसले. हे कशाचं? "वर्षातनं एकदा लागतंय." काढलं. हे? "त्ये लागत न्हाय, पर असू दे." का असू दे? माळ्यावरच्या फुटक्या बरण्यांनाबी तुमी असंच म्हणता. काढलं. शेवटी रोज लागणारी तेवढी राहिली. त्यांची एकच पट्टी केली, बटनं मोठी केली आणि ती पट्टी कडेवरनं ओढून मध्ये आणली, डाव्या बाजूनं थोडी आत. पांढऱ्या उजेडानं ह्यांचे डोळे दिपायचे, म्हणून मागचं सगळं काळं केलं आणि बटनं पिवळी. बटनावरची चित्रंसुद्धा बदलता येतात; ठिपक्यांची रांगोळी काढावी तसा एकेक बारका चौकोन भरायचा. मी बसून नवीन चित्रं काढली. उताराच्या बटनावर बादली, गाभ्याच्या बटनावर बांगडी, आणि लोखंड आकसतं त्याच्या बटनावर वाळलेली मिरची. हे म्हणाले, "मिरची कशाला गं?" म्हटलं, उन्हात टाकल्यावर आकसती ती दुसरी वस्तू सांगा मला.

ती मांडणी पेनड्राइव्हवर घालून दिली. सोमवारी हे ऑफिसातल्या मशिनवर ती चढवून आले आणि येताना कागदात गुंडाळून भजी आणली. "आज कुणाला काय इचारावं लागलं न्हाय," म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे कन्नड बोलणारे एक साहेब स्क्रीन बघून म्हणाले होते म्हणे, एन्री, काय हो हे, लोणचं पानाच्या मधोमध कुणी वाढलं? ह्यांनी सांगितलं, बायकोची हौस. आम्ही भजी खाल्ली आणि मला वाटलं, जिंकलो. एवढ्याशा पट्टीनं आपण त्या आजाराला गंडवलं.

आजार कसला गंडतोय. पावसाळा सरायच्या आत ती पट्टी ह्यांना पुन्हा दिसंना झाली. मग आम्ही एक रीत काढली. रविवारी आंघोळी झाल्या की कॉम्प्युटर लावायचा. स्क्रीनच्या बरोबर मध्ये एक फुली काढलेली. ह्यांनी तिच्याकडं बघत बसायचं, डोळा हलवायचा नाही. मी एक पिवळं बटन डाव्या कोपऱ्यातनं धरून हळूहळू मध्ये ओढत आणायचं. दिसलं की ह्यांनी म्हणायचं, "आलं." तिथं मी थांबायची. मग उजवीकडनं, वरनं, खालनं. जिथं "आलं" तिथं पट्टी. सुरुवातीला लवकर यायचं "आलं". मग उशिरा यायला लागलं. माऊस ओढता ओढता माझ्याच तोंडात शब्द यायचा, आता म्हणतील, आता म्हणतील, आणि हे आपले गप्प, फुलीकडं बघत. मी मनात म्हणायची, म्हणा की वो एकदाचं.

आणि पट्टी मध्ये आली की ती रेघांवर बसते, हे दुसरं दुखणं. खालचा नकाशा झाकला जातो. मग हे काय करायचे, नकाशाच सरकवायचे. जेवढा तुकडा पट्टीच्या पलीकडं उघडा पडंल तेवढा काढायचा, की पुन्हा सरकवायचा. चाळणीच्या भोकातनं अख्खा पंप काढायचा म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. मी पट्टी बारीक केली, तर बटनं दिसंनात. मोठी केली, तर नकाशा दिसंना. इकडं आड तिकडं विहीर.

त्यात एक दिवस मी भाकरी थापत होते आणि ह्यांचा फोन. आवाज एकदम खालचा. "अगं, सगळं इस्कटलंय. मिरची न्हाय, बादली न्हाय, काय न्हाय." ऑफिसातल्या कुणीतरी सगळ्या मशिनवर सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती चढवली होती, आणि बटनं पुन्हा कंपनीनं लावली तशी, कडेला, बारकी, दहापट वाढलेली. वर पांढरा लख्ख उजेड. मी फोन खांद्यात धरला, एका हातानं भाकरी उलटली आणि तोंडानं त्यांना वाट सांगत गेले. पेनड्राइव्ह लावा. कडेला शोधू नका, आपला सेटिंगचा शब्द की-बोर्डवर टाका. खिडकी उघडली? त्यातलं दुसरं नाव. "कुटलं दुसरं, मला एकबी दिसंना!" ओरडू नका, लोक बगत्याल. खाली बाण दाबा, एकदा, अजून एकदा, आता एंटर. भाकरी जळली. फोनात पंख्याचा आवाज. मग हे म्हणाले, "आली मिरची." एवढंच. मी तव्यावरची जळकी भाकरी काढून तिथंच खाली बसले.

माझ्या तोंडाचं मला त्या दिवसांत लई भ्या वाटायचं. मला म्हणीशिवाय बोलता येत नाही, आणि म्हणींत आंधळ्यांची ही गर्दी! एकदा पंचायतीच्या कारभारावरनं बोलताना मी बोलून गेले, आंधळं दळतंय नि... अर्ध्यात जीभ चावली. हे हसले. "म्हण की, थांबलीस का? माजं नाव घालून म्हण." मी उठून चुलीकडं गेले. अशा वेळी चूल बरी. डोळ्यांतनं पाणी आलं तरी धूर म्हणून खपतं.

शेवटी व्हायचं ते झालंच. एका पंपाच्या अंगाला, तो जमिनीला बोल्टनं आवळायला, चार कान असतात. ह्यांनी नकाशात तीनच काढले. चौथा पट्टीखाली राहिला. नकाशा सरकवताना तो तुकडा कधी उघड्यावर आलाच नाही. ह्यांना तीन दिसले, चौथा काढलाय असं वाटलं. लाकडाचा नमुना करणाऱ्या मिस्त्रीनं तीन कान बघितले, त्याला चमत्कारिक वाटलंसुद्धा. पण विचारलं नाही. इतक्या वर्षांत ह्यांच्या नकाशात चूक कुणी बघितलेली नव्हती. तो म्हणाला, साहेबांनी काढलंय म्हणजे तसंच असणार. वाळूत साचे झाले, लोखंड ओतलं, पंपांची अंगं थंड झाली, फोडून बाहेर काढली आणि ओळीनं मांडली. सगळी तीन कानांची. सगळी परत भट्टीत.

मिस्त्रीला बोलणी बसायला लागली तसे हे उठले आणि फाउंड्रीच्या मालकांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हता. म्हणाला, आधी बोलला असता तर स्टोअरला तरी बसवलं असतं. हे म्हणाले, स्टोअरात मला रेघ कुठं मिळाली असती? घरी ते ऐकून मला एवढा राग आला म्हणता! मिळालं असतं ते घ्यायचं सोडून हे काय उत्तर झालं? पण खरं सांगायचं तर मीसुद्धा त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं. निरोपाला शाल-नारळ दिला, फेटा बांधला. फेटा बांधणारा डाव्या बाजूला उभा होता आणि हे उजवीकडं बघून त्याला नमस्कार करत होते.

मग एक गुरुजी यायला लागले, स्वतः पूर्ण आंधळे, बेळगावातनं बसनं यायचे. कॉम्प्युटरला बोलतं करायचं सॉफ्टवेअर त्यांनी शिकवलं. बटनावर गेलं की ते बटनाचं नाव बोलतं. गुरुजी त्यावर पेपर वाचायचे, बँकेचं काम करायचे, हसायचे खदाखदा. मला आशा वाटली. ह्यांनी ड्रॉइंग उघडलं, रेघेच्या बटनावर आले, ते म्हणालं, "लाइन." ह्यांनी दाबलं, रेघ ओढली. ते गप्प. ह्यांनी विचारलं, "गुरुजी, रेघ कुटनं कुटं गेली ते हे कधी सांगणार?" गुरुजी म्हणाले, "ते नाही हो सांगत." त्यानंतरही गुरुजी बरेचदा आले, पण ह्यांनी ते बोलणारं पुन्हा काय लावलं नाही.

तरी ह्यांनी एक धरून ठेवलं होतं. मधलं अजून दिसतंय, बाहेरचं बारकं काम घरात घेता येईल. एकच कान, एकच कडी, असं काहीतरी. त्यासाठी बटनं कुठवर आणायची हे ठरवायला पाहिजे. म्हणून रविवारची रीत चालूच. मला ती नकोशी झाली होती. पण हे सकाळी लवकर आंघोळ करून, भांग पाडून, गुडघ्यांवर हात ठेवून स्क्रीनपुढं बसायचे. मग नको म्हणायचं कुठल्या तोंडानं? आणि गंमत म्हणजे "आलं" लवकर यायला लागलं होतं. मागच्या वेळेपेक्षा थोडं बाहेर, त्याच्या पुढच्या वेळी अजून थोडं बाहेर. डॉक्टर म्हणाले होते, असं होत नसतं. मी म्हटलं, डॉक्टरला काय कळतंय. मी गावदेवीला ओटीसुद्धा बोलले.

त्या रविवारी मी फुली काढली, बटन डाव्या कोपऱ्यात ठेवलं आणि ह्यांच्याकडं बघितलं. इतके दिवस मी स्क्रीनकडं बघायची. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, तोंडाकडं बघितलं. डोळे फुलीवर नव्हतेच. स्क्रीनच्या वर, मागच्या भिंतीवर कुठंतरी होते, आणि चेहरा मात्र लक्ष देऊन बघणाऱ्या माणसाचा. मला भडभडून आलं. माऊस सोडून मी पदर तोंडाला लावला, आवाज होऊ नये म्हणून.

"आलं," हे म्हणाले.

बटन कोपऱ्यातच होतं. मी ते हलवलंसुद्धा नव्हतं.

"काय गं, आलं म्हटलं न्हवं."

किती रविवार हे असं अंदाजानं म्हणत होते? मी खुश व्हायची, ओटी बोलायची, ते सगळं ह्यांनी ऐकलं होतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. हात धरून विचारावं, कुणासाठी चाललंय हे? पण पदर खाली केला, माऊस परत धरला.

"व्हय," मी म्हटलं. "आज लई लांबनं दिसलं की वो तुमाला."

"मग तितंच ऱ्हाऊ दे," हे म्हणाले.